वडील या नात्याने

फोन वाजला तेव्हा लिफ्टमास्तर पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर उकिडवे बसले होते. रविवार होता, दुपारचे अडीच वाजले होते. कचेऱ्यांची इमारत रिकामी असली की रुळांची साफसफाई उरकून घ्यायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून पहिल्यांदा त्यांनी फोन वाजू दिला. लगेच दुसऱ्यांदा वाजला तेव्हा चिंधीला हात पुसून त्यांनी तो खिशातून काढला. धाकटीचा होता.

"बाबा, ती उठत नाहीये."

"कोण उठत नाहीये?"

"माझी मैत्रीण. दुकानातली. आम्ही तिच्या खोलीवर आहोत. तिचे ओठ निळे पडलेत, बाबा."

काय घेतलंत, असं मास्तरांनी विचारलं नाही. निळे ओठ त्यांनी आधी पाहिले होते.

"अॅम्ब्युलन्सला फोन केलास?"

"नाही. आधी तुम्हालाच केला." मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "बाबा, मी निघून येऊ का इथून? मला येताना कुणी पाहिलं नाहीये."

"हलायचं नाही तिथून," मास्तर म्हणाले. "तिला कुशीवर वळव. अॅम्ब्युलन्स बोलाव. आणि पोलीस आले, काही विचारलं, तर खरं ते सांगायचं. खऱ्याला मरण नाही."

"बरं," धाकटी म्हणाली.

तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मैत्रिणीला कुशीवर वळवलं, अॅम्ब्युलन्सला फोन लावला, मग फोनवरच्या बाईंच्या सांगण्यावरून पुन्हा उताणं करून छाती दाबत राहिली, अॅम्ब्युलन्सची माणसं येईपर्यंत, अठरा मिनिटं. पाठोपाठ पोलीस आले. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गोळ्या मी आणल्या. एक तिला दिली, एक मी घेतली." पोलिसाने ते वाक्य लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि खाली सही घेतली. मैत्रीण पाच वाजता दवाखान्यात वारली. सहा वाजता धाकटीवर कलम सात लागलं.

कलम सात मास्तरांना तोंडपाठ होतं.

चार वर्षांपूर्वी थोरला गेला होता. तो वायरमन होता. शिडीवरून पडून त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या, कंबर काही सुटली नाही, आणि मग कुणीतरी त्याला तशाच दिसणाऱ्या, त्याच रंगाच्या, वर तोच आकडा छापलेल्या गोळ्या आणून दिल्या. आत भलतंच रसायन होतं. कुठल्या तरी शेडमध्ये, बादल्यांमध्ये बनवलेलं. मिठाच्या चार कणांएवढं जास्त पडलं तर माणूस झोपेतून उठत नाही. थोरला उठला नाही. गोळी देणारा त्याच्याच कामावरचा एक होता. तो पकडला गेला, पण जुन्या कायद्यात त्या रसायनाचं नावच नव्हतं. आठ महिने आत राहून तो सुटला. एकदा मास्तरांना बसथांब्यावर दिसला, हातात भाजीची पिशवी घेऊन उभा. मास्तर बस सोडून चालत घरी आले होते.

विधानभवनातल्या दोन लिफ्ट मास्तरांच्याच देखभालीत होत्या. एका आमदारबाईंचा त्यांच्याशी जाता-येता दोन शब्दांचा परिचय होता. मास्तरांचं बोलणं मजेशीर. "काय मास्तर, कसं काय?" असं बाईंनी विचारलं की ते म्हणायचे, "आमचं काय, दिवसभर वर-खाली, पण बढती काही नाही." थोरला गेल्यावर महिनाभराने बाईंनी तेच विचारलं आणि मास्तरांनी, कसं कोण जाणे, तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंनी दार उघडं धरून ठेवलं. त्यांच्या मतदारसंघात त्या वर्षात असे अकरा जण गेले होते.

पुढे विधेयक आलं, समिती बसली. बाईंनी मास्तरांना बोलायला बोलावलं. माणूस जन्मभर यंत्रांच्या पाठीमागे राहिलेला, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माइकसमोर बसले आणि न अडखळता बोलले. "ज्या हाताने माझ्या मुलाला गोळी दिली, त्या हाताला आठ महिने झाले. त्या हाताला दयामाया नको." एका वयस्कर सदस्याने चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "पण मित्राने मित्राला दिली असेल तर? दोघंही घेणारेच असतील तर?" मास्तर म्हणाले होते, "साहेब, हात तो हातच."

कलम सात असं झालं: यादीतला कोणताही कृत्रिम अमली पदार्थ कोणी कोणाला विकला किंवा दिला, आणि त्याने मृत्यू आला, तर किमान पंधरा वर्षं. किमान म्हणजे न्यायाधीशालाही त्याखाली उतरता येत नाही. तो कायदा मंजूर झाला त्या दिवशी वर्तमानपत्रात मास्तरांचा फोटो आला होता. त्यांच्या पत्नीने तो कापून ठेवला नाही.

धाकटी तेव्हा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. हात स्थिर, नजर बारीक. मास्तर समितीपुढे काय बोलायचं ते कागदावर उतरवत होते, त्याच आठवड्यात तिने पहिली गोळी घेतली होती. हे त्यांना वर्षाने कळलं. "मला फक्त झोप हवी होती," एवढंच ती म्हणाली. मग उपचार केंद्राची रांग, सात आठवडे थांबणं, केंद्रातले दोन महिने, आणि त्यानंतरचे पाच महिने चांगले गेले. आई रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि मग जेवायला वाढायची. त्या पाच महिन्यांनंतरचा तो रविवार.

वकीलबाई तरुण होत्या, सरकारकडून मिळालेल्या. त्यांनी पहिल्या भेटीतच फाइल मिटून ठेवली.

"काका, मी तुम्हाला आशा लावत नाही. तिने कबुली दिलीये. ती नसती दिली, तर गोळ्या कुणी आणल्या हे सरकारला सिद्ध करावं लागलं असतं. खोलीत दोघीच होत्या. सिद्ध झालं नसतं."

"मी सांगितलं तिला खरं बोल म्हणून."

वकीलबाईंनी फाइल बाजूला सरकवली.

"आणि समजा, ती निघून आली असती तर?" आईने विचारलं. वकिलांच्या कचेरीत त्या माउलीने तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच.

"तर कदाचित आज आपण इथे बसलो नसतो, काकू."

आईने मास्तरांकडे पाहिलं नाही. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली, ते पलीकडे. उतरताना ती म्हणाली, "तुम्ही चुकीचं नाही सांगितलंत." आणि मग दोन पावलं पुढे जाऊन, पाठमोरीच, "पण कशाला सांगितलंत?"

मास्तर आमदारबाईंकडे गेले. बाईंनी भेट नाकारली नाही. दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं. मास्तरांनी मागणंही लहान ठेवलं होतं. जो मदतीला थांबला, ज्याने स्वतः फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावली, त्याला त्या पंधरा वर्षांतून सूट. एक ओळ, बस.

"मास्तर, मला कळत नाही असं समजू नका," बाई म्हणाल्या. "पण निवडणूक आठ महिन्यांवर आलीये. आत्ता मी शिक्षा सौम्य करायचं विधेयक मांडलं, तर माझ्याच पक्षातला एक हात वर होणार नाही. लोक म्हणतील, यांनी विक्रेत्यांना पळवाट काढून दिली."

"ती विक्रेती नाही."

"मला माहितीये. पण कायदा एका घरासाठी बदलत नाही हो."

मास्तर उठले. खुर्ची जागेवर सरकवली. "केला तेव्हा एका घरासाठीच केला होता, बाई," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि बाईंना तेच जड गेलं असावं. त्या दारापर्यंत सोडायला आल्या.

खटला चार दिवस चालला. निकालाच्या दिवशी न्यायालयात मागच्या बाकावर मास्तर, आई आणि एका टोकाला मैत्रिणीची आई, असे तिघेच होते. ती बाई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. एकुलती एक मुलगी होती तिची. चारही दिवस ती एकच करडं जाकीट घालून आली आणि कुणाशी बोलली नाही.

शिक्षा किती असावी यावर बोलायला सरकारी वकील उठले. माणूस नीट तयारीचा होता, समितीचं कामकाज वाचून आलेला. "महोदया, हे कलम करताना सभागृहाचा हेतू काय होता, तो मी सभागृहापुढच्याच शब्दांत सांगतो. ज्याचा मुलगा या विषाने गेला, असा एक बाप समितीपुढे म्हणाला होता." आणि त्यांनी कागद वर धरून वाचलं. त्या हाताला दयामाया नको. मग सदस्याचा प्रश्नही वाचला. मग उत्तर. साहेब, हात तो हातच.

हा बाप कोण, हे सरकारी वकिलांना माहीत नसावं. कागदावर नुसतं साक्षीदार क्रमांक नऊ असं होतं. धाकटीला मात्र माहीत होतं. ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. तिने मागे वळून बघितलं. मास्तर जन्मभर त्या नजरेचा अर्थ लावत राहिले असते, पण अर्थ सरळ होता. तिला वडिलांची काळजी वाटली होती. ते बरे आहेत ना, एवढंच तिने पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला. "आरोपीने मदत बोलावली, पळून गेली नाही, खरं सांगितलं. हे सगळं माझ्यासमोर आहे," त्या म्हणाल्या. "कायद्याने मला मोकळीक दिली असती तर मी तिचा उपयोग केला असता. ती दिलेली नाही." पंधरा वर्षं. धाकटी सव्वीस वर्षांची होती.

बाहेर व्हरांड्यात चहाचं यंत्र होतं. मास्तर त्याच्यासमोर उभे होते, चहा हवा म्हणून नव्हे, कुठेतरी उभं राहायला हवं म्हणून. करड्या जाकिटातली बाई शेजारी येऊन थांबली.

"मी तुम्हाला ओळखते," ती म्हणाली. "पेपरात फोटो होता तुमचा."

"हो."

"मी पोलिसांना सांगितलं होतं, जास्तीत जास्त शिक्षा व्हायला पाहिजे. तुमच्यासारखंच बोलले." तिने जाकिटाची चेन खाली-वर केली. "मला वाटलं, आज जरा हलकं वाटेल. तुम्हाला वाटलं होतं का, तुमच्या वेळी?"

"माझ्या वेळी त्याला आठच महिने झाले होते," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, कमी झाले म्हणून वाटत नाहीये."

"तुमची मुलगी येऊन माझ्याकडे जेवली आहे," ती म्हणाली. "दोघी माझी चेष्टा करायच्या. मी टीव्ही बघताना झोपते म्हणून." मग ती गेली. जाताना तिने मास्तरांच्या कोपराला हात लावल्यासारखं केलं, पण तो नीट टेकला नाही.

त्यानंतर मास्तर कामावर जात राहिले. वय अठ्ठावन्न, घरी बसून करायचं काय? फक्त विधानभवनाच्या लिफ्ट त्यांनी दुसऱ्याकडे दिल्या. कारण कुणी विचारलं नाही.

वर्षभराने समितीच्या कचेरीतून फोन आला. कायद्याची यादी वाढवायची होती. हे बनवणारे हुशार. बंदी आलेल्या रसायनातला एखादा दुवा बदलतात आणि नव्या नावाने तेच विष बाजारात आणतात, मग यादी मागून धावते. एकेचाळीस नवी नावं घालायची होती आणि शिक्षेचं किमान पंधराचं अठरा करायचं होतं. "आमच्याकडे बाधित पालक म्हणून तुमचं नाव आहे," फोनवरचा मुलगा म्हणाला. "मागे तुम्ही फार छान बोलला होतात. याल का?"

"येईन," मास्तर म्हणाले.

आईला त्यांनी सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. "काय उपयोग?" ती म्हणाली. थोड्या वेळाने आत येऊन तिने त्यांचा पांढरा शर्ट काढला आणि कॉलर उलटून पाहिली, मळलाय का ते.

समितीच्या दालनाबाहेर टेबलावर फॉर्म भरायचा होता. मागच्या वेळी असा काही नव्हता. नाव, पत्ता, आणि तिसऱ्या ओळीत, 'कोणत्या नात्याने बोलणार'. पुढे चार चौकोन: मयताचे नातेवाईक, आरोपीचे नातेवाईक, तज्ज्ञ, इतर.

मास्तरांनी पहिल्या दोन चौकोनांत खुणा केल्या. टेबलामागच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला.

"आजोबा, एकावरच खूण करायची. दोन केल्या तर मशीन घेत नाही."

"पण मी दोन्ही आहे."

बाईंनी वर पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी नवा कोरा फॉर्म काढून दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग 'इतर'वर करा, आणि शेजारी लिहा काय ते." मास्तरांनी 'इतर'वर खूण केली. शेजारच्या रेघेवर बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. मग लिहिलं, 'वडील'.

तीन मिनिटं मिळाली. नऊपैकी पाच सदस्य हजर होते. आमदारबाई होत्या. निवडून आल्या होत्या, आता समितीच्या अध्यक्ष होत्या.

"मागच्या वेळी मी इथे म्हणालो होतो, हात तो हातच," मास्तरांनी सुरुवात केली. "ते मी चुकीचं बोललो. ते कागदावरून काढता येत असेल तर काढा. माझी मुलगी तिच्या मैत्रिणीजवळ थांबली, म्हणून ती आज आत आहे. पळाली असती तर घरी असती. ही गोष्ट आता सगळ्या पोरांना माहीत झालीये. पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही. मी लिफ्टचं काम करतो. दोर तुटला की लिफ्टचा ब्रेक आपोआप लागतो, आत कोण आहे ते बघत नाही. मला वाटलं होतं कायदा तसा असावा. पण ब्रेक आतल्या माणसाला वाचवायला असतो, हे मी तेव्हा विसरलो."

कुणीतरी कागद उलटला. मास्तर थांबले, घोटभर पाणी प्यायले.

"एक ओळ घाला. थांबणाऱ्याला सूट द्या. माझ्या मुलीला त्याचा फायदा नाही, मला वकीलबाईंनी सांगितलंय. झाली ती शिक्षा झाली. तरी घाला."

वेळ संपल्याचा दिवा लाल झाला. आमदारबाई समोरच्या कागदाकडे बघत बोलल्या. "तुमच्या भावनांची समिती कदर करते. आजचा विषय यादी आणि शिक्षेची मुदत एवढाच असल्याने ही सूचना विषयाबाहेरची ठरते. नोंद घेतली आहे. पुढचे वक्ते." मास्तर उठले. पुढच्या वक्त्या एक आई होत्या. हातात फोटो, नुकत्याच रडून आलेल्या. माइकजवळ जायला वाट अरुंद होती, म्हणून मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांना आधी जाऊ दिलं. त्या बाई माइकसमोर बसल्या बसल्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला ज्याने दिलं, त्याला अठरासुद्धा कमी आहेत."

मास्तर दार लोटून बाहेर पडले. ती यादी त्या अधिवेशनात मंजूर झाली, अठरा वर्षंही. विरोधात एकही मत पडलं नाही.

तुरुंग गावाबाहेर, दोन बस बदलून. भेट महिन्यातून एकदा, वीस मिनिटं. मधे जाड काच, दोन्हीकडे एकेक रिसीव्हर. एरवी ते आळीपाळीने बोलत, दहा मिनिटं आई, दहा ते. त्या दिवशी आईने रिसीव्हर हातात घेतला आणि मास्तरांचा दंड धरून त्यांना जवळ ओढलं. एकाच बाकड्यावर दोघं बसले आणि रिसीव्हर मधे धरून, दोन्हीकडून कान लावून ऐकू लागले. आईचा गाल त्यांच्या गालाला लागला होता. असं जवळ ते कित्येक वर्षांत बसले नव्हते.

पलीकडून धाकटी बघत होती. ती किंचित हसली. "काय हे," ती म्हणाली. "ऐकू येतंय का दोघांना?"

"येतंय," आई म्हणाली.

"बाबा, तुम्ही गेला होतात ना तिथे? काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं."

"सगळं?"

"तीन मिनिटं."

"मग बरंय की," धाकटी म्हणाली, आणि मग तिच्या कोठडीतल्या म्हातारीचं सांगू लागली. म्हातारीचा चष्मा फुटलाय. काच मिळाली तर घासून बसवून देईन, पण इथे घासायला काही देत नाहीत. म्हातारीला मी वाचून दाखवते, आणि परवा काय झालं माहितीये का,

वेळ संपली की लाइन आपोआप बंद होते. आवाज मधेच तुटला. धाकटीला ते लगेच कळलं नाही. काचेपलीकडे ती बोलतच होती, एका हाताने काहीतरी केवढं होतं ते दाखवत होती. आईने रिसीव्हर खाली ठेवला नाही. मास्तरांनीही कान हलवला नाही. दोघं तसेच गालाला गाल लावून तिचे हलणारे ओठ बघत राहिले, आणि मधे मधे मान डोलावत राहिले.